प्रश्न एकोणीस

टोलेडोत रात्री साडेनऊला लॉन्ड्रोमॅटमध्ये
दोनच मशिनं फिरतायत, त्यातलं एक माझं.
मांडीवर सेकंडहँड पुस्तक. आधीच्या मालकानं
सगळी उत्तरं पेन्सिलीनं खुणावलेली,
निम्मी चुकीची.
त्याला कुठे प्रवेश मिळाला की नाही,
हे एवढ्यावरून सांगता येत नाही.
सांगता येतं असं वाटणं, हाही एक दोष. पान बावन्न.

वय त्रेचाळीस. दिवसा मी ब्रेकपॅडची बिलं काढते.
रात्री वाचते: एका गावात सायकली वाढल्या,
दवाखान्यातली गर्दी घटली,
म्हणून सायकल तब्येतीला चांगली.
यातली खोट ओळखा.
पाच पर्याय, पाचही इस्त्री केलेल्या इंग्रजीत.
मी समासात लिहिते: कावळा बसला, फांदी तुटली.
पुढच्याला: शितावरून भात.
त्यापुढच्यात महापौर पुलाचा हिशेब सोडून
विचारणाऱ्याच्या घटस्फोटावर बोलतात.
तिथे: आपलं ठेवायचं झाकून.
मिरजेत आमच्या नळावर ही सगळी विद्या
फुकट मिळायची, भांडणासकट.

ठोसर सरांनी नववीत फळ्यावर डोंगर काढला होता.
डोंगरावर धूर, तेव्हा डोंगरावर आग.
इथे मोहरी जरा जास्त तडतडली
तर छतावरचा डबा किंचाळतो.
एकदा बंबच आला.
हेल्मेटवाले तिघे, आणि मधे माझी आमटी.
शेगडी विजेची, सर. जाळसुद्धा नव्हता.

वरच्या मजल्यावर लोरेटा प्रुइट राहायची.
बसडेपोत रात्रपाळी, खिडकीत जिरेनियम.
मागच्या मार्चमध्ये तिच्याबरोबर कोर्टात गेले,
साक्षीला नाही, नुसती सोबत.
घरमालकाचा वकील म्हणाला:
यांनी दोनदा भाडं उशिरा भरलं.
उशिरा भरणारे शेवटी बुडवतात.
तेव्हा घर रिकामं करून मिळावं.
चार मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं होतं.
मधल्या वाक्याला भोक होतं,
हात जाईल एवढं, मला ते दिसत होतं,
पण त्याला काय म्हणतात ते येत नव्हतं,
आणि त्या खोलीत
नाव नसलेलं काही बोलता येत नव्हतं.
जाताना तिनं कुंडी माझ्या हातात दिली.
बहिणीकडे गेली म्हणतात, डेटनला.
फोन लागत नाही.

आता नाव येतं. गृहीतक.
पुस्तक सांगतं, ते उलटं करून बघ;
सगळं कोसळलं तर समज, पायातलं होतं.
उशिरा भरणारे बुडवत नाहीत.
कोसळलं.
सव्वा मिनिट. एवढंच होतं, लोरेटा.

मग हाताला चाळाच लागतो.
श्रीनिवासची नोकरी इथे, म्हणून मी इथे.
उलटं कर: श्रीनिवास इथे नाही.
नाहीच आहे, दोन वर्षं झाली, इंडियानात असतो,
तिथे त्याला मुलगी झाली.
मी वाट बघते. काही कोसळत नाही.
मशीन पाणी सोडतं, पुन्हा भरतं.
म्हणजे ते पायातलं नव्हतंच.

एकोणीसवर मात्र तीन रात्री अडकलेय.
वरची विधानं खरी धरली, तर
खालचं कोणतं खरं असलंच पाहिजे?
बी किंवा डी.
डी मला खरं वाटतं, खरं असावं असंही वाटतं,
आणि असावं न् असलंच पाहिजे
यांच्यातल्या फटीत माझे मार्क पडतात.

ड्रायरला आणखी एक क्वार्टर हवं.
पर्स चाचपते. मोज्यांच्या घड्या घालणारा म्हातारा
न बघता एक नाणं माझ्याकडे सरकवतो.
थँक्यू म्हणते. तो मान हलवत नाही,
कदाचित ऐकू येत नसेल.

कपडे अजून दमट.
पस्तीस मिनिटांचा गजर पुन्हा लावते,
एकोणीस, पहिल्या ओळीपासून.